वाट्यावरचे दोन

"कल्ले मिळतील का?"

मान वर न करताच मी म्हटलं, "मासा घ्या, कल्ले आपोआप मिळतात."

"मासा नको. फक्त कल्ले हवेत."

आता मात्र मान वर करणं भाग होतं. आमच्या चौक गावच्या धक्क्यावर सकाळी कोण कोण येतं ते मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बघतेय. मीरा रोडच्या टॉवरमधून येणारे मासा एका बोटाने दाबतात आणि ते बोट रुमालाला पुसतात. भाईंदरचे हॉटेलवाले मासा बघतच नाहीत, आमचा चेहरा बघतात. घासाघीस हिंदीत करायची आणि हार मराठीत मानायची, हीही इथली रीत. माणूस काय न्यायला आलाय आणि किती ताणणार आहे, हे तो तोंड उघडायच्या आधी मला कळतं. बी.कॉम. मी उगाच केलं, असं बाबा म्हणतात. हिशेब मला आधीच येत होता.

पण याचा हिशेब लागेना. खांद्याला थर्माकोलचा डबा, चष्म्यावर खाऱ्या हवेची साय, उन्हाने लाल झालेले कान. आणि मागतोय काय, तर जे आम्ही कावळ्यांना टाकतो ते!

"आत्या, यांना नुसते कल्ले पायजेत."

सुगंधा आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. कोयत्यावर तिचा हात चालतो तेव्हा बघणाऱ्याचे डोळे मिटतात. ती थांबली. "मांजर पालली काय रं पोरा?"

"नाही, मी... माझी पीएच.डी. चाललीय. ढोमाच्या कल्ल्यांवर जे किडे असतात ना—"

धक्क्यावरच्या साऱ्या बायांच्या माना एकदम वळल्या.

"आमच्या म्हावऱ्यात किडं?" आत्याने कोयता उचलला.

"नाही नाही! तुमच्या माशात नाही... म्हणजे आहेत, पण सगळ्यांच्याच माशात असतात... म्हणजे खाणाऱ्याला काहीच होत नाही, कल्ले तर आपण खातच नाही... मी स्वतः ढोमा खातो, पण आधी त्याचे कल्ले बघतो..."

प्रत्येक वाक्यागणिक तो आणखी खोल चिखलात चालला होता. मी त्याचा डबा धरला आणि त्याला बाजूला ओढलं.

"हे बघा, तो शब्द इथे काढायचा नाही. गिऱ्हाईक पळेल आणि आत्या तुमचेच कल्ले काढेल."

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू. गप उभे राहा. जमेल?"

तो गप उभा राहिला. पण इतका मनापासून गप उभा राहिला, की मलाच हसू फुटलं. आणि तोही हसला. लाल कानांवर ते हसू बरं दिसत होतं... हे मी फक्त नोंदवून ठेवलं, एवढंच.

त्याचं नाव कौस्तुभ. भाईंदरला राहणारा, वडील बँकेतून निवृत्त, आई शाळेत. मग तो दर दोन-चार दिवसांनी येऊ लागला. आत्या गिऱ्हाइकांचा ढोमा कापायची, कल्ले वेगळे काढायची, पिशवीत भरून ठेवायची. मी ती बर्फात दाबून त्याला द्यायची. त्याने भाव विचारला तेव्हा मी म्हटलं, "कचऱ्याला भाव कसा लावू? लावला तर उद्या कावळेही उधारी मागतील."

"फुकट घेणं बरं वाटत नाही."

"मग मला दाखवा तरी, एवढ्या लांबून येऊन काय नेताय ते."

पुढच्या खेपेला त्याने मोबाइलवर फोटो आणले. वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत टांगले होते, त्यांच्या सावलीत आम्ही बसलो. मोबाइलच्या पडद्यावर एक पारदर्शक, शेवयीच्या तुकड्याएवढं काहीतरी. शेपटीच्या टोकाला बारीक आकडे.

"या आकड्यांनी तो कल्ल्याला धरून राहतो. आता हा दुसरा बघा."

"हाच तर."

"तोच नाही. म्हणजे... बहुतेक नाही. गंमत तीच आहे. आकडे तसेच, लांबी तशीच, सगळं तसंच. मायक्रोस्कोपखाली तास तास बघितलं तरी सांगता येत नाही की ही एक जात आहे की दोन. म्हणून डीएनए काढायचा. त्यातला एक तुकडा अक्षर अक्षर वाचून घ्यायचा. सिक्वेन्सिंग. दोघांची अक्षरं जुळली तर एक जात, बरीचशी निराळी निघाली तर दोन."

"म्हणजे चेहऱ्यावर विश्वास नाही तुमचा."

"किड्यांच्या नाही."

"आणि माणसांच्या?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "माणसांचा अजून अभ्यास नाही केला... पण सुरुवात करायला हरकत नाही."

बोंबलांच्या जाळीदार सावल्या त्याच्या शर्टावर हलत होत्या. मी उठले. बर्फ वितळतोय, असं काहीतरी म्हणाले. बर्फ अजिबात वितळत नव्हता.

मे महिन्याच्या मध्यावर तो आला तो बसमधून उतरून पळतच. डबा नाही, पिशवी नाही.

"मीनल! दोन आहेत!"

'तुम्ही' कुठे गळून पडलं ते त्यालाही कळलं नसावं. मला कळलं.

"रिपोर्ट आले. किडे सरळ दोन गटांत पडलेत. काही कल्ल्यांवर एक, काही कल्ल्यांवर दुसरा. एकाच जातीच्या माशावर दोन जुळ्या जाती! हे किडे सहसा असं करत नाहीत. एका जातीचा मासा, त्यावर ठरलेली एक जात. माझ्या गाईड मॅडम तर खुर्चीतून उठल्याच. पुढच्या आठवड्यात परिषद आहे, तिथे मांडायचंय. हे टिकलं तर प्रबंधाचा मुख्य भाग झाला."

"मग पेढे कुठायत?"

"विसरलो. तुला सांगायची घाई झाली."

मी मोठ्याने हसले. आतून मात्र माझा नेहमीचा हिशेब चालू झाला. काम झालं की माणूस धक्क्यावर येत नाही. बर्फवाला बर्फ टाकून जातो, डिझेलवाला डिझेल देऊन जातो. प्रबंधवाला प्रबंध झाल्यावर कशाला येईल? याचं जितकं भलं होईल, तितका हा इथून लांब जाणार. असला उलटा व्यवहार मी आजवर बघितला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी आत्याच्या शेजारी बसले होते. तिने त्याची पिशवी भरली. ढोमाचे कल्ले मोजून-मापून नाही, पण मायेने भरले. मग डावीकडच्या टोपलीतून एक छोटा कोथ उचलला, त्याचे कल्ले काढले, पिशवीत टाकले. मग आणखी एकाचे.

"आत्या, हे काय?"

"वर दोन."

"कसले वर दोन?"

"वाट्यावर वर दोन टाकतान तेच. पोरगं इतक्या लांबून येतं, त्याला उक्ता वाटा दिऊ? आपली रीत न्हाय ती."

माझ्या हातातला बर्फ तसाच राहिला. आमच्याकडे मांदेली घ्या की बोंबील, वाटा पिशवीत पडला की आत्या वर दोन टाकणारच. ढोमाच्या वाट्यावर ढोमाच टाकते असं नाही, हाताला येईल ते टाकते. ढोमा आणि कोथ एकाच घराण्यातले, मावसभाऊ म्हणा. अख्खे मासे आंधळाही ओळखेल. पण नुसते कल्ले? लाल ते लाल.

"दर वेळी टाकतेस?"

"मंग! पयल्या दिसापास्नं." आत्याच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान होतं.

दुसरी जात कुठून आली ते मला त्या क्षणी कळलं. ती ढोमाची नव्हतीच. आत्याच्या मोठ्या मनाची होती.

सांगितलं नाही तर तो परिषदेत उभा राहून खोटं सांगणार, खरं समजून. कुणाला कळणारही नाही कदाचित. आणि कधीतरी कळलंच, तर त्याचं नाव जाईल. सांगितलं तर त्याचा आनंद माझ्याच हाताने फोडायचा. मी फोन लावला. खरं सांगते, एक गोष्ट मनात आलीच, की सगळं पुन्हा करायचं म्हटल्यावर त्याला पुन्हा यावं लागेल. चांगुलपणा शंभर नंबरी नव्हता. पण फोन मात्र लगेच लावला.

तो दुपारी आला. मी धक्क्याच्या टोकाला नेऊन त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. खाली पाणी दगडांवर आपटत होतं. त्याचा चेहरा उतरत गेला, ओहोटीचं पाणी उतरतं तसा, बघता बघता, आवाज न करता.

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांदेखत टाकले."

"प्रत्येक कल्ला मी वेगळ्या बाटलीत ठेवलाय. फ्रीजरला आहेत." तो स्वतःशीच बोलत होता. "कल्ल्याच्या तुकड्याचाच डीएनए काढतो. कुठल्या माशाचा ते कळेल. किड्याला ओळखतात तसंच माशाला..." मग तो थांबला. मला वाटलं, आता रागावेल. रागवावंच, असं मला वाटत होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "आत्यांना यातलं काही सांगू नकोस हं."

"का?"

"त्यांनी प्रेमाने टाकले. त्यांना वाटेल, आपण पोराचं नुकसान केलं. मग त्या कुणालाच वर काही टाकणार नाहीत."

मी समुद्राकडे बघितलं. डोळ्यांत वारा जात होता, असं म्हणायला हवा तेवढा वारा होता सुदैवाने.

रिपोर्ट आला. आमचा संशय खरा निघाला. काही कल्ले ढोमाचे, काही कोथचे. परिषदेतून त्याने नाव मागे घेतलं. मॅडमनी त्याला चांगलंच सुनावलं, आणि वर सांगितलं, की कुठला कल्ला कुठल्या माशाचा हे डोळ्यांनी बघून नवे नमुने घे. दोन्ही माशांचे, भरपूर. या महिन्यात जमलं तर ठीक, नाहीतर वर्ष गेलं.

आणि महिना संपत आला होता. एक जूनपासून समुद्र बंद. बोटी ओढून वर घ्यायच्या, त्या पार ऑगस्टपर्यंत. बंदी उठेपर्यंत त्याची नोंदणीची मुदत संपली असती.

"आत्याला तर सांगायलाच लागेल आता," मी म्हटलं. "नाहीतर ती परत वर दोन टाकणार."

"मी सांगतो."

तो आत्यासमोर उकिडवा बसला. मी मागेच उभी.

"आत्या, एक मागणं आहे."

"बोल रं."

"तुम्ही वर दोन टाकता ना, कोथचे... ते मला फार उपयोगी पडले. त्यांच्यामुळेच कळलं की मला कोथही बघायला हवा. पण ते वेगळ्या पिशवीत द्याल? आणि कापताना मी इथेच बसेन."

आत्याने कोयता खाली ठेवला. "येवढंच? मंग दोनच कनाला? दहा घे! ईस घे!"

मी आजवर भल्याभल्यांना घासाघीस करताना बघितलंय. पण समोरच्याला कमी न करता स्वतःचं मागणं पुरं करून घेणारा हा पहिलाच. इथे माझा हिशेब संपला, खरं तर. पुढची बेरीज मी केलीच नाही.

त्या आठवड्यात आमच्या आळीत दरवर्षीप्रमाणे खारवणी चालली होती. पावसाळ्याच्या बेगमीचा मासा साफ करून, मीठ भरून ठेवायचा. विकायच्या माशाचे कल्ले कुणी काढू देत नाही, गिऱ्हाईक आधी तेच उघडून लाली बघतं. पण खारवायच्या माशाचे कल्ले काढावेच लागतात. अडचण एकच होती. ढोमा भरपूर होता, कोथ नव्हता. आणि समुद्र बिघडत चालला होता. बाबांची बोट शेवटच्या फेरीला गेलेली.

माझे बाबा, आत्माराम, तसे बोलायला महाग. कौस्तुभ इतके दिवस येत होता, पण बाबांनी त्याला एक शब्द विचारला नव्हता. निघताना मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, कोथ मिळाला तर विकू नका. घरच्या खारवणीला ठेवा." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बसस्टॉपच्या दिशेने एकदा बघितलं, आणि दोर सोडला.

बंदीच्या आदल्या दिवशी बोट आली. आभाळ शिसवी झालेलं. बाबांनी दोन टोपल्या माझ्यापुढे उतरवल्या. वरपासून तळापर्यंत कोथ.

"घ्या. खारवा काय खारवायचं ते," म्हणाले आणि निघून गेले.

कौस्तुभ दिवसभर आमच्या अंगणात बसला. डाव्या हाताला ढोमाचे कल्ले, उजव्या हाताला कोथचे, मध्ये मी. मी मासा उचलायचे, नाव मोठ्याने सांगायचे, आत्या कल्ले काढायची, तो बाटलीत घालून वर लिहायचा. पोरगा मिठाने हात फाटेपर्यंत बसला. आळीतल्या बाया जाता-येता टोमणे मारत होत्या.

"सुगंधा, यवढी मेहनत करनारा गडी कुठशी मिलाला?"

"मिलाला न्हाय, लागलाय गलाला," आत्या म्हणाली. "कोनच्या गलाला तं मीनलला इचारा."

कौस्तुभने कोथचं झाकण ढोमाच्या बाटलीला लावलं. मी ते काढून नीट लावलं. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, खारट, थंड. कुणीच हात लगेच मागे घेतला नाही.

"सांभाळून," मी हळूच म्हटलं. "पुन्हा चूक झाली तर पुन्हा यावं लागेल."

"हीच तर पंचाईत आहे," तो तितक्याच हळू म्हणाला. "चूक करावीशी वाटतेय."

जूनमध्ये त्याचे फक्त मेसेज आले. डीएनए निघाला. पाठवला. वाट बघतोय. मी एका शब्दाची उत्तरं द्यायची. जास्त लिहिलं तर जास्त कळेल, ही भीती. बोटी किनाऱ्यावर निळ्या प्लास्टिकखाली झोपलेल्या, वलांड्या रिकाम्या, आणि धक्क्यावर नुसता पाऊस. रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी देवाला सांगत होते, आणि चांगला आला की तो सुटला, हेही त्याच देवाला ऐकवत होते. देवानेही कपाळाला हात लावला असेल.

जुलैच्या एका सकाळी मी बाबांच्या बोटीच्या प्लास्टिकखाली जाळं दुरुस्त करत बसले होते. पाऊस संथ पडत होता. छत्री बंद करत कौस्तुभ आत वाकला. ओला, आणि छत्रीशिवाय हातात काही नाही.

"आला?" मी विचारलं.

"आला. अगदी स्वच्छ. ढोमावर एक जात, कोथवर दुसरी. एकही किडा इकडचा तिकडे नाही. दिसायला हुबेहूब, पण ज्याचं घर त्याला पक्कं ठाऊक. मॅडम म्हणाल्या, पहिल्यापेक्षा हे काम चोख आहे. प्रबंधाचा भाग मंजूर."

"छान झालं." मी गाठ मारली. ती चुकली. सोडवली. "मग आता... नमुने पुरे?"

"पुरे. मॅडम म्हणाल्या, आता चौकला जायची काही गरज नाही."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. की बाकी सगळं थांबलं म्हणून तसं वाटलं, कोण जाणे.

"मग आज कशाला आलास?"

"तेच..." त्याने चष्मा काढला. पुसायला कोरडं काही नव्हतं. "बसमध्ये वाक्य जुळवत होतो. भाईंदरला एक होतं. उत्तनच्या नाक्यावर ते बदललं. इथे उतरलो तेव्हा एकही उरलं नाही. आज मला काही न्यायचं नाहीये, मीनल. कल्ले नाहीत, बर्फ नाही, कामाचा बहाणा नाही. नुसता आलोय. आणि... असाच यायचंय. म्हणजे... तुला चालणार असेल तर..."

तो पुन्हा त्या पहिल्या दिवसासारखा चिखलात निघाला होता. या वेळी मी त्याला बाजूला ओढलं नाही. मीच उतरले.

"पुरे. एवढ्या शब्दांत आत्याने दोन टोपल्या विकल्या असत्या. मला तू आवडतोस, कौस्तुभ. कधीपासून ते विचारू नकोस. मे महिन्यात तुझा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मला वाईट वाटलं होतं, यावरून काय ते समज."

चष्मा नसलेले त्याचे डोळे मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. त्याने माझ्या हातातली जाळ्याची सुई काढून बाजूला ठेवली, अगदी सावकाश, आणि हात हातात घेतला.

"मला वाटलं, आकडे फक्त माझ्याच बाजूला आहेत," तो म्हणाला.

"मला किडा म्हणालास?"

"दोघांनाही म्हणालो."

"जरा सरका," बोटीखालून आवाज आला.

आम्ही दोघंही उडालो. बोटीच्या तळाला तेल लावणारे बाबा पाठीवर सरपटत बाहेर आले. हातात चिंधी, कपाळाला काळा पट्टा. म्हणजे मी येऊन बसायच्या आधीपासून तिथेच होते. ऐकलं नाही असं एकही अक्षर राहिलं नसणार.

ते उठून बसले. चिंधीने हात पुसले. कौस्तुभला वरपासून खालपर्यंत बघितलं. लिलावाला माझे बाबा मासा बघतात ना, अगदी तसं. माझा जीव कानांत आला.

"पवता येतं का रं तुला?"

कौस्तुभने चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही, काका."

"न्हाय." बाबांनी मान हलवली. समुद्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माज्या घरचा मानूस आन पवता येत न्हाय, असं लोकांनी बोललेलं मला चालनार न्हाय. शिकावं लागंल."

कौस्तुभ क्षणभर तसाच उभा राहिला. मग अर्थ डोक्यात शिरला. तो लगबगीने खाली वाकला आणि त्या भर पावसात, खवळलेल्या समुद्राकडे तोंड करून पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लागला.

"आरं आत्ता न्हाय!" बाबा ओरडले, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने हसले. "मीनल, धर त्याला!"

मी धरलं.